पृथ्वीचे परिवलन, वारे आणि सागरी प्रवाह : हे वळण येते कुठून?

विचारलेल्या शंका तीन आहेत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून वारे वाहतात का? वाऱ्यामुळे सागरी प्रवाह निर्माण होतात, तर मग पाणी वाऱ्याच्याच दिशेने का जात नाही? आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा गल्फ स्ट्रीम किंवा जपानलगतचा कुरोशिओ यांच्यासारखे जोरदार प्रवाह महासागरांच्या पश्चिम कडेलाच का आढळतात? समुद्रात सोडलेल्या तरंगत्या बोयांचे मार्ग आणि वाऱ्याचे नकाशे शेजारी ठेवून वाचणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की या तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही सलगच देतो.

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात 'नाही' असे आहे. वाऱ्याला लागणारी ऊर्जा सूर्यापासून मिळते. विषुववृत्ताच्या आसपास जितकी उष्णता येते तितकी तिथून अवकाशात परत जात नाही. ध्रुवांकडे नेमके उलट घडते. हा फरक भरून काढण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही उष्णता उचलून ध्रुवांकडे नेत राहतात. परिवलन या व्यवहारात स्वतःची ऊर्जा घालत नाही. परिवलनामुळे हलत्या वस्तूला बाजूला वळवणारे जे बल जाणवते त्याला कोरिऑलिस बल म्हणतात. ते नेहमी गतीच्या काटकोनात असते, त्यामुळे ते कोणत्याही वस्तूचा वेग वाढवू शकत नाही आणि कमीही करू शकत नाही. ते केवळ दिशा बदलते. मात्र दिशा बदलण्याचे हे काम इतके सर्वव्यापी आहे की त्यावाचून जगाचे हवामान ओळखू येणार नाही असे झाले असते.

इथे एक जुनी गल्लत दूर करायला हवी. विषुववृत्तावरचा भूपृष्ठाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४६५ मीटर आहे. ६० अंश अक्षांशावर तो बरोबर निम्मा होतो. एवढ्या वेगाने जमीन पुढे जात असताना हवा मागे का पडत नाही, असे अनेकांना वाटते. हवा मागे पडत नाही, कारण ती जमिनीबरोबरच फिरते. घर्षणाने दोघींचा वेग केव्हाच जुळलेला आहे. ज्याला आपण वारा म्हणतो तो या प्रचंड सामाईक गतीतला अगदी लहानसा फरक असतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने पूर्वेकडून येणारा वारा विषुववृत्ताजवळ जाणवतो, तेव्हा ती हवाही खरे तर पूर्वेकडेच चाललेली असते, फक्त जमिनीपेक्षा किंचित सावकाश.

आता वळणाकडे येऊ. शालेय पुस्तकांत कोरिऑलिस परिणामाचे जे स्पष्टीकरण असते ते अर्धेच असते. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा आपला पूर्वेकडचा वेग सोबत घेऊन जाते, पुढची जमीन सावकाश फिरत असते, म्हणून हवा तिच्या पुढे निघते आणि उत्तर गोलार्धात उजवीकडे वळलेली दिसते. हे चूक नाही. पण यावरून केवळ उत्तर-दक्षिण वाहणारे वारेच वळतात असा समज होतो, आणि सरळ पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जाणारी हवा का वळावी याचा उलगडा होत नाही. प्रत्यक्षात तीही तेवढीच वळते, त्याच बाजूला आणि त्याच प्रमाणात.

याचे कारण पृथ्वीच्या आकारात आहे. फिरण्यामुळे पृथ्वी मधोमध फुगली आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. स्थिर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूवर दोन ओढी असतात : फुगवट्याच्या उतारावरून ध्रुवाकडे आणणारी गुरुत्वाची ओढ, आणि फिरण्यामुळे अक्षापासून दूर फेकणारी ओढ. या दोन्ही एकमेकींना तंतोतंत तोलून धरतात, कारण पृथ्वीचा आकारच त्या हिशेबाने घडला आहे. महामार्गाच्या वळणावर रस्त्याला आतल्या बाजूला उतार दिलेला असतो आणि तो एका ठरावीक वेगासाठीच असतो; त्याहून वेगाने जाणारी गाडी बाहेरच्या कडेकडे सरकते आणि सावकाश जाणारी आत घसरू पाहते. पृथ्वीवरही हेच घडते. पूर्वेकडे जाणारी हवा पृथ्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते, म्हणून ती बाहेर, अर्थात विषुववृत्ताकडे सरकते. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास विषुववृत्त उजव्या हाताला येते. पश्चिमेकडे जाणारी हवा कमी वेगाने फिरते, म्हणून ती ध्रुवाकडे घसरते, आणि पश्चिमेकडे तोंड केल्यास उत्तर ध्रुवही उजव्याच हाताला असतो. दक्षिण गोलार्धात सगळे आरशातल्यासारखे उलटते आणि वळण डावीकडे येते.

फ्रेंच अभियंते गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये हे बल मांडले ते फिरणाऱ्या यंत्रांच्या अभ्यासातून, हवामानाशी त्यांचा संबंध नव्हता. भरती-ओहोटीच्या समीकरणांत लाप्लास यांनी अठराव्या शतकातच या पदांचा समावेश केलेला होता. नाव मात्र कोरिऑलिस यांचे राहिले.

हे बल किती मोठे असते? ४५ अंश अक्षांशावर सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या हवेवर ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतके असते. ऐकताना हे नगण्य वाटते. पण ती हवा एका तासात ३६ किलोमीटर जाते आणि तेवढ्या वेळात सुमारे साडेसहा किलोमीटर बाजूला सरकते; आणि दिवसभर वाहिली तर तिची दिशा ओळखण्यापलीकडे बदललेली असते. म्हणूनच या बलाचा विचार करताना गतीचा आवाका आणि तिला मिळणारा वेळ पाहावा लागतो. बेसिनमधून पाणी जाताना जो भोवरा होतो त्याची दिशा गोलार्धावरून ठरते, ही समजूत त्यामुळेच टिकत नाही. तिथे पाणी काही सेकंदांत निघून जाते आणि परिवलनाचा परिणाम नळाच्या धारेने आधीच दिलेल्या गतीपेक्षा हजारो पटींनी लहान असतो. १९६२ मध्ये आशर शापिरो यांनी एमआयटीमध्ये सुमारे दोन मीटर व्यासाच्या टाकीतले पाणी एक दिवसभर पूर्ण शांत होऊ दिले, मग मधले छिद्र अलगद उघडले, तेव्हा कुठे घड्याळाच्या उलट दिशेचे वळण दिसले. पुढे सिडनीत तसाच प्रयोग झाला आणि तिथे उलट दिशा मिळाली. इतकी काळजी घेतली तरच लहान भांड्यात पृथ्वीचे फिरणे दिसते.

समुद्रात मात्र ते उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि मला स्वतःला त्याची खात्री पटवणारी सर्वांत सुंदर नोंद बोयांच्या मार्गात सापडते. वादळ येते, वरच्या थरातल्या पाण्याला जोराचा धक्का देते आणि निघून जाते. वारा थांबतो, पण पाणी चालतच राहते, आणि त्याच्यावर आता बाजूला ओढणाऱ्या कोरिऑलिस बलाखेरीज फारसे काहीच उरत नाही. मग पाणी सतत उजवीकडे वळत वळत गोल फिरते. ४५ अंश उत्तरेला सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने जाणारे पाणी सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढते आणि ते पुरे करायला त्याला १७ तास लागतात. ३० अंशांवर तोच फेरा जवळपास २४ तासांचा होतो, तर ६० अंशांवर १४ तासांपेक्षाही थोड्या कमी वेळात पुरा होतो. मूळ प्रवाह बोयाला पुढे नेत असेल तर नकाशावर एकापुढे एक सरकणाऱ्या वेढ्यांची रांग उमटते. एका वेढ्याला लागलेला वेळ मोजला की बोया साधारण कोणत्या अक्षांशावर आहे हे सांगता येते. काही दिवसांत घर्षणाने आणि लाटांनी ती गती विरते आणि वेढे लहान होत मिटतात.

हवेवर आणि पाण्यावर बहुतेक वेळा आणखी एक बल असते, ते म्हणजे दाबातल्या फरकाचे. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा निघते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती निघताक्षणी वळू लागते, आणि हे वळण तोपर्यंत वाढते, जोपर्यंत दाबाची ओढ एका बाजूला आणि कोरिऑलिस बल बरोबर विरुद्ध बाजूला येत नाही. त्या वेळी हवा कमी दाबाकडे जातच नसते. ती समदाब रेषांना समांतर वाहत असते. मध्य अक्षांशांत दर १०० किलोमीटरला एक हेक्टोपास्कल इतका दाबाचा उतार असेल तर या समतोलातून सेकंदाला सुमारे ८ मीटरचा वारा मिळतो, आणि प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या जवळपासच येते. डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलॉट यांनी १८५७ मध्ये यावरून सोपा नियम दिला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. जमिनीलगत घर्षणामुळे वेग घटतो, त्याबरोबर कोरिऑलिस बलही घटते आणि वारा थोडा कमी दाबाकडे कलतो. चक्रीवादळात हवा आत ओढली जाते ती याच कलामुळे. आणि चक्रीवादळाला गरगर फिरायला हे बल लागते, म्हणूनच विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत चक्रीवादळे जवळपास होतच नाहीत. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशाच्या आसपास झालेले 'वामेई' हा अतिशय दुर्मिळ अपवाद आहे.

आता जागतिक वाऱ्यांची रचना पाहू. एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये व्यापारी वाऱ्यांचा, म्हणजे उष्ण कटिबंधात विषुववृत्ताकडे कायम वाहणाऱ्या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, पण ते वारे पूर्वेकडूनच का येतात याचे त्यांनी दिलेले कारण बरोबर नव्हते. १७३५ मध्ये जॉर्ज हेडली यांनी परिवलनाचा संबंध जोडला : विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर जाते, वरून ध्रुवांकडे सरकते, आणि खालून तिची जागा घ्यायला येणारी हवा कमी वेगाच्या अक्षांशांतून आलेली असल्यामुळे पश्चिमेकडे मागे पडते. त्यांच्या छोट्या लेखात याहूनही मोलाचा एक विचार होता, आणि तो आजही पुरेसा सांगितला जात नाही. साऱ्या पृथ्वीवर पूर्वेकडून येणारेच वारे असते तर त्यांच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे हळूहळू मंदावले असते. तसे होत नाही, म्हणून कुठेतरी तेवढ्याच जोराचे पश्चिमेकडून येणारे वारे असलेच पाहिजेत. व्यापारी वारे आणि मध्य अक्षांशांतले पश्चिमी वारे ही अशी एकाच हिशेबाची जमा आणि खर्चाची बाजू आहे. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात वातावरण पृथ्वीकडून कोनीय संवेग (वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि अक्षापासूनचे अंतर यांवरून ठरणारी फिरण्याची राशी) घेते, पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात तो परत करते. हा हिशेब तात्पुरता पुढेमागे होतो तेव्हा दिवसाची लांबी बदलते. १९८२-८३ च्या एल निनोत, म्हणजे विषुववृत्ताजवळचे पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा उबदार झाले त्या काळात, पश्चिमी वाऱ्यांना जोर चढला आणि दिवस जवळपास एक मिलिसेकंदाने लांबल्याची नोंद आहे.

हेडली यांची आकडेमोड मात्र तोकडी होती. त्यांनी हवेचा वेग कायम राहतो असे धरले. खरे तर कोनीय संवेग कायम राहतो. विषुववृत्तावर स्थिर असलेली हवा उंचावरून ३० अंशांपर्यंत गेली, तर हेडली यांच्या हिशेबाने तिला सेकंदाला ६२ मीटरचा पश्चिमी वारा व्हायला हवे, पण योग्य हिशेबाने १३४ मीटरचा. प्रत्यक्षात त्या भागातला हिवाळी जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून वाहणारी वेगवान वाऱ्याची धारा, सरासरी ४० मीटरच्या घरात असतो. मग उरलेला संवेग जातो कुठे? याच प्रश्नात हेडली यांनी सांगितलेला हवेचा हा फेरा ध्रुवापर्यंत का पोहोचत नाही याचे उत्तर आहे. ध्रुवाकडे जाताना हवेचा वेग इतका वाढत जातो की ती धारा अस्थिर होते, नागमोडी वळणे घेऊ लागते आणि त्या वळणांतून आवर्त आणि प्रत्यावर्त सुटतात. हेच आवर्त उष्णता आणि संवेग दोन्ही पुढच्या अक्षांशांत नेतात. हेडलीचा फेरा सुमारे ३० अंशांवर हवा खाली उतरवून संपतो. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते, आणि जगातली बहुतेक मोठी उष्ण वाळवंटे त्याच पट्ट्यात सापडतात.

पुस्तकांतल्या आकृतीत यापुढे फेरेल आणि ध्रुवीय असे आणखी दोन फेरे नीटनेटके काढलेले असतात. त्या आकृतीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. हेडलीचा फेरा खरोखर तिथे आहे, तो रोज दिसतो. पण फेरेलचा फेरा हा वर्षभराच्या नोंदींची सरासरी काढल्यावर हाती येणारा अवशेष आहे. त्यात तुलनेने थंड भागात हवा वर चढते आणि उष्ण भागात खाली येते, म्हणजे तो आपणहून चालूच शकत नाही. त्याला आवर्त चालवतात. मध्य अक्षांशांतले रोजचे हवामान हे त्या आवर्तांचेच येणे-जाणे आहे. १९५० च्या दशकात शिकागो विद्यापीठात डेव्ह फुल्ट्झ यांनी फिरत्या उथळ भांड्यातल्या पाण्याला कडेने उष्णता आणि मधोमध गारवा देऊन हे प्रत्यक्ष दाखवले : भांडे सावकाश फिरते तोवर पाणी एकाच साध्या फेऱ्यात फिरते, वेग वाढवला की धारा नागमोडी होते आणि भोवरे सुटू लागतात. शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, आणि तिथला हेडलीचा फेरा ६० अंशांच्या आसपासपर्यंत पसरलेला आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर एका बुडालेल्या जहाजापासून सुरू होते. 'जेनेट' हे जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. त्यावरून फ्रिटयॉफ नॅन्सेन यांनी ताडले की बर्फ ध्रुवाजवळून आरपार वाहत जात असावे, आणि १८९३ मध्ये त्यांनी 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवले. तीन वर्षांच्या त्या प्रवासात त्यांना बर्फ वाऱ्याच्या दिशेने जाताना दिसले नाही. ते वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकत होते. त्यांनी कारणही ओळखले, आणि ते गणितात मांडण्याचे काम वाग्न वाल्फ्रीड एकमन या तरुणाकडे आले.

एकमन यांचे उत्तर असे आहे. वारा सर्वांत वरच्या थराला ओढतो आणि तो थर उजवीकडे वळतो. तो थर खालच्या थराला ओढतो. खालचा थर आणखी थोडा उजवीकडे वळतो आणि थोडा सावकाश जातो. असे काही दशक मीटर खोलीपर्यंत चालते. या सर्व थरांची बेरीज केली तर निव्वळ वाहतूक वाऱ्याच्या बरोबर काटकोनात निघते, उत्तर गोलार्धात उजवीकडे. पृष्ठभागावरचा कोन सिद्धांतात ४५ अंश असतो आणि समुद्रात तो सहसा त्याहून कमी भरतो, पण काटकोनातली बेरीज मोजमापांत पक्की टिकते. तिचे आकारमानही लक्षात घेण्याजोगे आहे. सेकंदाला ८ मीटरचा साधा वारा मध्य अक्षांशांत दर मीटर रुंदीमागे सेकंदाला सुमारे एक घनमीटर पाणी बाजूला नेतो. हजार किलोमीटरच्या पट्ट्यात ते दहा लाख घनमीटर होते, आणि जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात साधारण तेवढेच पाणी ओततात.

वारा किनाऱ्याला समांतर वाहिला आणि हे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले गेले, तर त्याची जागा घ्यायला एक-दोनशे मीटर खोलीवरचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. पेरू, कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नामिबिया यांच्या किनाऱ्यांलगत हे घडते. हे पट्टे महासागरांच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांहूनही कमी जागा व्यापतात, पण जगातल्या सागरी मासेमारीचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून येतो.

खुल्या महासागरात हीच वाहतूक वेगळे रूप घेते. पश्चिमी वारे पाणी विषुववृत्ताकडे ढकलतात, व्यापारी वारे ध्रुवाकडे, आणि दोन्हींच्या मध्ये, ३० अंशांच्या आसपास, पाणी जमा होऊन समुद्राची पातळी सुमारे एक मीटरने उंचावते. या बुटक्या टेकडीवरून पाणी सरळ खाली उतरू पाहते, पण हवेप्रमाणेच तेही वळते आणि टेकडीभोवती फिरत राहते. महासागरांतली मोठी चक्रे अशी तयार होतात : उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दक्षिणेत उलट. म्हणजे वारा पाण्याला गोल फिरवतो तो हाताने ढकलून नव्हे. तो पातळीचा उतार तयार करतो आणि उरलेले काम दाब आणि परिवलन करतात. १९९२ पासून उपग्रह समुद्राची उंची सेंटिमीटरांच्या अचूकतेने मोजत आहेत, आणि त्या उंचीच्या नकाशावरून प्रवाह जवळजवळ थेट वाचता येतात. गल्फ स्ट्रीमच्या सुमारे १०० किलोमीटर रुंदीत पातळी जवळपास एक मीटर उतरते, आणि तेवढ्या उतारातून सेकंदाला एक मीटरचा वेग मिळतो.

आता तिसरी शंका. पाण्याची ही टेकडी मधोमध का नाही? ती पश्चिमेकडे सरकलेली असते. पश्चिम उतार उभा, पूर्व उतार मंद. म्हणूनच गल्फ स्ट्रीम अरुंद आणि सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगाचा आहे, तर समोरच्या पूर्व कडेचे प्रवाह शेकडो किलोमीटर रुंद आणि संथ आहेत. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे जाते, सर्व नद्यांच्या पंचवीस-तीस पट. हेन्री स्टोमेल यांनी १९४८ मध्ये याचे कारण शोधले तेव्हा त्यांनी तीन काल्पनिक महासागर तपासले. न फिरणाऱ्या पृथ्वीवर चक्र सममित निघाले. सगळीकडे कोरिऑलिस परिणाम सारखाच आहे असे धरल्यावरही ते सममितच राहिले. कोरिऑलिस परिणाम अक्षांशानुसार वाढत जातो असे धरल्याबरोबर मात्र प्रवाह पश्चिम कडेला दाटला. परिवलन पुरेसे नाही. त्याचा कोरिऑलिस परिणाम विषुववृत्तापासून ध्रुवाकडे बदलत जातो, हा मुद्दा निर्णायक आहे.

यामागची क्रिया थोडी सावकाश समजून घ्यावी लागते. महासागराच्या मध्यभागी जमा होणारे पाणी खाली दाबले जाते. दाबलेला पाण्याचा स्तंभ बुटका आणि रुंद होतो, पृथ्वीबरोबर फिरताना मिळालेली त्याची फिरकी मंदावते, आणि मंद फिरकी जिथे शोभते अशा ठिकाणी, म्हणजे विषुववृत्ताकडे, तो सरकतो. जवळपास संपूर्ण महासागराच्या रुंदीत पाणी असे हळूहळू विषुववृत्ताकडे येत राहते. हे पाणी कुठून तरी परत उत्तरेला गेलेच पाहिजे, आणि उत्तरेला जाताना त्याला फिरकी परत मिळवावी लागते. ती किनाऱ्याजवळच्या घर्षणातून मिळू शकते. उत्तरेकडे जाणाऱ्या पाण्याच्या डाव्या हाताला किनारा असेल, तर किनाऱ्यालगतचे पाणी अडते, बाहेरचे पुढे जाते आणि घड्याळाच्या उलट दिशेचा पीळ मिळतो. तोच हवा असतो. किनारा उजव्या हाताला असेल तर पीळ उलट पडतो आणि हिशेब आणखी बिघडतो. म्हणून परतीची वाट पश्चिम कडेलाच उघडी आहे, आणि एवढी फिरकी मिळवायची तर प्रवाह अरुंद आणि वेगवान असणे भाग आहे. दक्षिण गोलार्धात दिशा उलटतात, पण कडा पश्चिमेचीच राहते.

दक्षिण महासागरात किनाराच आडवा येत नाही, त्यामुळे तिथे पश्चिमी वारे पृथ्वीला वेढणारा एकच प्रवाह चालवतात आणि तो सेकंदाला तेरा ते सतरा कोटी घनमीटर पाणी वाहतो.

विषुववृत्तावर कोरिऑलिस परिणाम शून्य होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वळणाची दिशा उलट असते. हिंदी महासागरात दक्षिणेकडचे आग्नेय व्यापारी वारे जून ते सप्टेंबरमध्ये विषुववृत्त ओलांडतात, तेव्हा त्यांचे डावे वळण संपून उजवे सुरू होते. पूर्व आफ्रिकेच्या डोंगररांगेलगत ते वाकतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून अरबी समुद्रावर येतात. सोमाली प्रवाह त्यांच्याबरोबर ईशान्येकडे सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने धावतो, आणि हिवाळ्यात वारे फिरले की तोही उलटा फिरतो. एवढा जोरदार आणि तरीही दर वर्षी दिशा बदलणारा दुसरा प्रवाह जगात नाही.

पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे पाणी पश्चिमेकडे लोटतात आणि तिथली पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्ध्या मीटरने उंच राहते. पृष्ठभागावर वारा पाण्याला परत येऊ देत नाही. पण शंभरेक मीटर खाली वाऱ्याची पकड उरत नाही, आणि विषुववृत्तावर वळवणारे बलही नाही. तिथे पाणी उंचीकडून उताराकडे सरळ, पूर्वेकडे वाहते. वरच्या प्रवाहाच्या नेमके उलट जाणारी ही धारा १९५२ मध्ये टाउन्सेंड क्रॉमवेल यांच्या लक्षात आली, तीही खोल सोडलेल्या मासेमारीच्या दोऱ्या पूर्वेकडे ओढल्या जात होत्या म्हणून. तिचा वेग सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून जास्त असतो. त्याच वेळी पृष्ठभागावर व्यापारी वारे विषुववृत्ताच्या उत्तरेचे पाणी उत्तरेकडे आणि दक्षिणेचे दक्षिणेकडे सारतात, आणि मधल्या फटीतून थंड पाणी वर येते.

व्यापारी वारे मंदावले की हा डोलारा सुटतो. पश्चिमेला साठलेल्या उबदार पाण्याचा फुगवटा पूर्वेकडे निघतो आणि तो पसरून विरत नाही, कारण पूर्वेकडे जाताना तो उत्तरेला सरकला तर उजवे वळण त्याला विषुववृत्ताकडे परत आणते आणि दक्षिणेला सरकला तर डावे वळण तेच करते. सेकंदाला दोन ते तीन मीटर वेगाने हा फुगवटा दोन-अडीच महिन्यांत पॅसिफिक ओलांडतो, आणि उपग्रहांच्या नोंदीत काही सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यासारखा रोज पुढे सरकताना दिसतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्यावर त्याचे दोन भाग होतात आणि ते किनाऱ्याला धरून उत्तरेकडे व दक्षिणेकडे जातात. पेरूच्या किनाऱ्यालगत उबदार पाण्याचा थर जाड होतो; किनाऱ्यावरचा वारा तेव्हाही पाणी वर खेचतच असतो, पण वर येणारे ते पाणी आता थंड आणि पोषक राहिलेले नसते, आणि मासळी हटते.